दाराकडचा विषम, भिंतीकडचा सम

पुणे,
११ जानेवारी २०२५

ती. दयाराममामांस,
सप्रेम जयभीम.

मामा, फोनवर तुम्ही नुसतं "हाव, हाव" म्हणता आणि फोन ठेवल्यावर "मंजू काय म्हणत होती?" असं आईला विचारता, हे आईनं मला सांगितलंय. एकतीस वर्षं पत्रा ठोकून ठोकून कान बसले, त्याला तुम्ही तरी काय करणार! म्हणून आता पत्र. दर आठवड्याला आमच्या ऑफिसातून मेहकरला ड्रॉइंगचं पाकीट जातं, त्यातच हे टाकत जाईन. तुम्हीही परतीच्या पाकिटात उत्तर टाका.

बातमी अशी की, तुमच्या कारखान्याच्या नव्या मोठ्या थ्रेशरचं काम छोट्या मालकांनी, शेखरभाऊंनी, आमच्या ऑफिसला दिलंय, आणि साहेबांनी ते माझ्या टेबलावर आणून टाकलं. मी खुर्चीतून उडालेच! ऐंशी यंत्रांची ऑर्डर आहे आणि घेणाऱ्यांना प्रत्येक भागाचा नंबर असलेली छापील यादी हवी आहे. आमच्याकडं तिला बिल ऑफ मटेरियल म्हणतात. पैशाचं बिल नव्हे. यंत्राला काय काय लागतं, किती लागतं, त्याची यादी.

हे नंबर हातानं भरायचे तर पंधरा दिवस जातात, आणि मधेच एखादा भाग वाढला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी एक प्रोग्राम लिहितेय. तो कॉम्प्युटरमधलं अख्खं थ्रेशर उघडतो, एकेका भागाजवळ जातो, नंबर देतो आणि यादी काढतो. नट-बोल्ट धरून अकराशे सेहेचाळीस नग, चार मिनिटं. खोटं नाही सांगत.

पण नंबर कोणत्या नियमानं द्यायचा, हे कॉम्प्युटरला कुणी सांगायचं? ते तुमच्या लाल वहीत आहे. वहीचे फोटो शेखरभाऊंनी पाठवले, पण वहीत नंबर आहेत, नियम नाहीत. ते सांगा. सातवीत असताना तुमच्या स्टोअरमध्ये बसून मी पहिल्यांदा पत्र्याची जाडी मोजायला व्हर्नियर हातात धरला होता. त्या शाळेतला हा पुढचा धडा समजा.

मामींना जयभीम.

तुमची,
मंजुश्री


मेहकर,
१९ जानेवारी

चि. मंजुश्रीस,
सप्रेम जयभीम.

पत्र भेटलं. दोनदा वाचलं, मंग तुह्या मामीले वाचून दाखोलं. ते म्हणे, "चार मिनिटात अकराशे? तुमाले त चार कपबशा मोजाले दहा मिनिटं लागते." अन् बम हासली.

आता नियम आयक. थ्रेशरचे चार घरं. ढोल शंभरापासून, चाळणी दोनशापासून, पंखा तीनशापासून, सांगाडा चारशापासून. नट-बोल्टले नंबर द्याचा नाही, ते कोणत्याबी दुकानात भेटते. एकदा देल्ला नंबर दुसऱ्या भागाले द्याचा नाही, भाग बंद झाला तरी नाही. धामणगाव बढ्यात आपलं शहाण्णव सालचं यंत्र अजून चालू हाय. त्याचा मालक येते अन् म्हणते, "इंगळे, एकशे सतरा द्या." त्याले म्या एकशे सतराच देल्लं पाह्यजे. अन् नंबर तीन आकडीच ठेव. आपल्याले तो पंच धरून हातोड्यानं पत्र्यावर ठोकाचा हाय, कागदावर लिहाचा नाही. जितकं कमी ठोकाचं तितकं बरं. म्या म्हणूनच सारं आखुड लिहितो, हे पत्र सोडून.

बस. एवढंच. त्याच्यात दुसरं काहीच नाही.

शेखरभाऊ लय खुश हाय. म्हणे, "काका, सारे नंबर कॉम्प्युटरमंधी जाऊ द्या, मंग तुमाले आरामच आराम." मोठे मालक भगवंतराव आता कारखान्यात कमी येतात, सारं शेखरभाऊच पाहून राह्यले.

तू जेवत जाय वेळेवर. ताई म्हणे वाळली तू.

तुहा,
दयाराममामा


पुणे,
३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

झालं! सोबत यादी आहे. अठ्ठावीस पानं. चहा सांगितला आणि चहा यायच्या आत प्रिंटरमधून शेवटचं पान बाहेर. साहेब दोनदा येऊन बघून गेले.

तुमचे सगळे नियम पाळलेत. जुन्या भागांचे जुने नंबर तसेच आहेत, एकालाही हात लावलेला नाही. नवे भाग एकसष्ट, त्यांना तुमच्या घरांप्रमाणे पुढचे मोकळे नंबर. मी मुद्दाम एक शाफ्ट काढून टाकला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला, बाकी कुणाचा नंबर जागचा हलला नाही. शाफ्ट परत ठेवला, त्याला त्याचाच नंबर मिळाला. मामा, त्या क्षणी मला तुम्हाला हाक मारावीशी वाटली.

एकच गोष्ट मी माझ्या मनानं केली. नव्या भागांत नऊ जोड्या आहेत, डावा भाग आणि उजवा भाग. जोडीतला कोणता आधी, याचा नियम तुमच्या पत्रात नव्हता. म्हणून मी ठरवलं, डाव्याला आधीचा नंबर, उजव्याला पुढचा. काही वेगळं असेल तर लगेच कळवा.

तुम्हाला आराम मिळणार हे वाचून बरं वाटलं. किती वर्षं झाली तुम्ही धामणगावला चार दिवस निवांत येऊन राहिला नाहीत. आई तुमच्या वाटेला डोळे लावून असते.

तुमची,
मंजुश्री


मेहकर,
२६ फेब्रुवारी

चि. मंजुश्रीस,
सप्रेम जयभीम.

उत्तराले उशीर झाला. पहिले हास, मंग पुढचं वाच, काहून की पुढं तुले हासू येणार नाही.

पहिलं यंत्र जुळलं. रंग मारला. रोहिणखेडच्या मनकर्णाबाईच्या वावरात हरभऱ्यावर चालवून पाहाचं ठरलं. ही बाई एकटी बारा एकर पाहते अन् ट्रॅक्टर सोता चालवते. शेखरभाऊ पांढरा शर्ट घालून आलता. ऑर्डर देणारे तिघं-चौघं होते. यंत्र चालू केलं. आवाज झकास. दाणे पडू लागले, टपोरे, एक फुटेल नाही. म्या मनातल्या मनात तुले शाब्बासकी देल्ली.

अन् मंग भुसा, कुटार सारं उडालं. जिकडं जाऊन ढीग व्हाले पाह्यजे तिकडं गेलंच नाही. सारं वळून दाण्याच्या ढिगावर, अन् तिथून शेखरभाऊच्या अंगावर. पांढऱ्या शर्टाचं काही राह्यलं नाही. मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून म्हणे, "काय हो इंगळे, दाणे काढून देता अन् वरून झाकूनबी देता?"

यंत्र बंद करून पाह्यलं. पंख्यापाशी जे दोन पत्रे कुटार वळवते, ते अदलाबदल बसेल. तीनशे चोवीसच्या जागी पंचवीस, पंचवीसच्या जागी चोवीस. दोघायचे छेदं सारखेच, म्हणून कोठीबी बसते.

फिटरची चूक नाही. आपले फिटर ड्रॉइंग पाहत नाही, ठोकेल नंबर पाहते. अन् नंबर पाहून त्यायले बाजू समजते. विषम आला की दाराकडचा, सम आला की भिंतीकडचा. आपल्या शेडमंधी यंत्र नेहमी एकाच तोंडानं उभं राहते, एक बाजू दाराकडं, एक भिंतीकडं. एकतीस वर्षं झाले, म्या जोडीतल्या दाराकडच्याले विषम देतो. डावा-उजवा आमच्या शेडमंधी कोणी म्हणतच नाही. तुह्या पत्रातलं डावा-उजवा म्या वाचलं अन् पुढं गेलो. तू कशाबद्दल इचारते हेच मले समजलं नाही!

नऊ जोड्यांतल्या जिथं पुढचा मोकळा नंबर विषम होता त्या पाच बरोबर आल्या, जिथं सम होता त्या चार उलट्या. तीन उलट्या बसतच नव्हत्या म्हणून फिटरनं फिरवून बसोल्या अन् कोणाले सांगतलं नाही. ही चौथी बसली.

शेखरभाऊले म्या तिथंच सांगतलं, चूक प्रोग्रामची नाही, चूक माही. पोरीनं इचारलं होतं, म्या सांगतलं नाही. पत्रे काढून अदलाबदल केले, अर्ध्या घंट्यात यंत्र पुन्हा चालू. दुसऱ्यांदा कुटार बराबर गेलं. मनकर्णाबाईनं साऱ्यायले चहा पाजला.

तू मनाले लावून घेऊ नोको. नियम आता समजला, तो प्रोग्राममंधी टाक.

तुहा,
दयाराममामा


पुणे,
५ मार्च

मामा,
जयभीम.

चूक माझी, चूक माझी, असं कुणी ओरडून सांगतं का? आणि ते कुणासमोर? शेखरभाऊसमोर?

आईचा काल फोन आला होता. तुम्ही तिला शपथ घातली होती की मंजूला सांगायचं नाही. तिला राहवलं नाही. शेखरभाऊनं तुम्हाला जानेवारीतच सांगून ठेवलंय ना, की नंबर कॉम्प्युटरमध्ये गेले की स्टोअरला दयारामकाकांची गरज उरणार नाही, मे अखेर घरी बसा. "आरामच आराम" म्हणजे हा आराम! आणि मी शहाणी, तुम्हाला लिहिते की बरं वाटलं. धामणगावला येऊन राहा म्हणते. मामा, मला माझीच लाज वाटली. मी चार मिनिटांत तुमची नोकरी खाल्ली आणि वर चहा मागवला.

तुम्ही मला पहिल्याच पत्रात सांगायचं होतं. मी हे काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं.

आता ऐका. विषम-सम मी प्रोग्राममध्ये टाकलं, एका दुपारचं काम होतं. पण त्यासोबत अजून एक गोष्ट टाकली. यापुढं नव्या भागाला नंबर मिळण्याआधी प्रोग्राम एक कोड विचारेल. तो कोड फक्त तुमच्याकडं असेल. या पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलाय. तो कुणाला द्यायचा नाही, शेखरभाऊला तर मुळीच नाही. तुम्ही नसलात तर यादी निघणार नाही. बघू कसे घरी बसवतात ते.

साहेबांना मी सांगितलेलं नाही. विचारलं तर तपासणीसाठी आहे म्हणेन.

तुमची,
मंजुश्री


मेहकर,
१३ मार्च

चि. मंजुश्रीस,
सप्रेम जयभीम.

चिठ्ठी न फोडता वापस धाडली हाय. कुलूप काढून टाक.

पोरी, मले वाईट वाटलं नाही असं नाही. ज्या दिवशी शेखरभाऊनं सांगतलं त्या दिवशी म्या स्टोअरमंधी गेलो अन् रॅकवरच्या साऱ्या नंबरायवरची धूळ पुन्हा पुसली, जे म्या आधल्याच दिवशी पुसली होती. हाताले दुसरं काही सुचत नव्हतं. घरी मामीले दोन दिवस सांगतलं नाही. राग आला. एकतीस वर्षं लेका, अन् उभ्या उभ्या सांगते!

पण तुले काहून सांगतलं नाही त्याचं कारण आयक. सांगतलं असतं त तू काम सोडलं असतं. मंग ते कोणं केलं असतं? ज्याले एकशे सतराची कदर नाही असा कोणीतरी. त्यानं सारे नंबर एकपासून नवे देल्ले असते, अन् धामणगावचा तो माणूस माह्या दारात उभा राहून रडला असता. तुह्या हातून होते त बरं होते, असं म्या ठरोलं. ते ठरोणं माहं होतं. त्याची लाज तू काहून वाटून घेऊन राह्यली?

आता कुलपाचं. भर हंगामात मनकर्णाबाईचं यंत्र बंद पडलं, नवा भाग बनवाचा हाय, अन् म्या इकडं तापानं पडेल. मंग? ते बाई वावर सोडून माह्या कोडची वाट पाहीन? म्या कोणाचं काम अडवून कधी भाकर खाल्ली नाही. जो फिटर आला त्याले दाराकडचं-भिंतीकडचं पहिल्याच दिवशी सांगत आलो. लपोलं असतं त म्या कधीचाच मोठा साहेब झालो असतो, पण लोकायचे यंत्रं बंद पडले असते.

अन् तुले अजून एक सांगतो. पावसाळ्याआधी कारखाना नव्या शेडमंधी चालला. म्या काल पाहून आलो. त्या शेडले दोन्हीकून दारं हाय! भिंतच नाही. म्या दारात उभा राहून एकटाच हासलो. माहा नियम तसाबी मेलाच असता, तू नसती त कोणाले समजलंबी नसतं की काहून मेला. तवा दार सोड अन् दुसरा टेका शोध. ट्रॅक्टर चालोणारा शीटवर पुढं तोंड करून बसला की त्याचा डावा हात जिकडं येते ती आपली दाराकडची बाजू. शेड बदलली तरी डावा हात त बदलत नाही. असं टाक.

शेवटचं. कुलूप नोको, पण शिकव. तू म्हणते प्रोग्रामले चार मिनिटं लागते. मले एखादा महिना लागीन. चालते.

तुहा,
दयाराममामा


पुणे,
२२ मार्च

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

कुलूप काढलं. तुमचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, मग तोंड धुऊन वर गेले आणि साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले, रागावणारच. मग म्हणाले, तुझ्या मामाचं पत्र मला वाचून दाखव. दाखवलं. वऱ्हाडी त्यांना अर्धी कळली, पण डावा हात कळला. तो नियम त्यांनी माझ्या बाजूला उभं राहून टाकून घेतला.

चौदा एप्रिलला मी घरी येतेय, आठ दिवसांची रजा काढून. जयंतीची मिरवणूक धामणगावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेहकर. ऑफिसचा लॅपटॉप आणतेय. साहेबांची परवानगी आहे, शेखरभाऊंनाही मी रीतसर पत्र पाठवलंय की स्टोअरमध्ये यादी काढायचं शिकवायला येते. त्यांनी "या" म्हणून कळवलं. एवढंच.

मामींना सांगा, मिरचीची भाजी आणि भाकरी. आणि तुम्ही तोवर एक करा, की-बोर्डवर कोणतं अक्षर कुठं असतं ते एका कागदावर काढून सोबत पाठवलंय, ते पाठ करा. व्हर्नियर शिकवताना तुम्ही मला तीन दिवस नुसतं शून्य बघायला लावलं होतं. मी विसरलेली नाही.

तुमची,
मंजुश्री


मेहकर,
१९ मे

चि. मंजुश्रीस,
सप्रेम जयभीम.

तू गेल्यापासून पत्र लिहिलं नाही, काहून की शिकून राह्यलो होतो. तू त पुण्याले गेली, इकडं माही परीक्षा झाली.

मांगच्या सोमवारी शेखरभाऊ स्टोअरमंधी आला. छोट्या ट्रॅक्टरवरचं छोटं थ्रेशर काढाचं हाय, ड्रॉइंग तुमच्या ऑफिसातून आलंच हाय, पण यादी नाही. तुमचे साहेब म्हणे तीन आठवडे थांबा, काम लय हाय. गिऱ्हाईक त दारात. शेखरभाऊ डोकं धरून बसला.

म्या म्हटलं, "बसा. चहा सांगा."

तू स्टोअरच्या कॉम्प्युटरमंधी प्रोग्राम टाकून गेली होती, त्याच्यावर एका बोटानं केलं. अकरा मिनिटं लागले. तुह्या चार मिनिटापेक्षा जास्त, पण म्या जोडी आली की थांबत होतो अन् मनातल्या मनात शीटवर बसून पाहत होतो. प्रोग्राम एका जागी चुकतबी होता. तुमच्या लोकायनं एक पत्रा काढताना उलटा काढेल होता, त्याच्यानं डाव्याचा उजवा झालता. म्या पकडला. ऐंशी मोठ्या थ्रेशरपैकी एकावरबी पुन्हा कुटार उलटं गेलं नाही, ते यालेबी होऊ देत नाही.

शेखरभाऊ मांगं उभा होता. म्हणे, "काका, हे तुम्ही काढलं?" म्या म्हटलं, "हाव." मंग त्यानं यादीचे पानं उलटून पाह्यले. म्हणे, "ते मे अखेरचं राहू द्या." म्या म्हटलं, "राहू कसं देऊ शेखरभाऊ? तुम्ही तोंडानं सांगतलं होतं अन् तोंडानंच वापस घेता. कागदावर द्या." एकतीस वर्षात म्या त्याच्या बापालेबी असं बोललो नव्हतो. पण त्यानं देल्लं. भगवंतरावायच्या सहीचं पत्र हाय, ड्रॉइंग अन् स्टोअर, दोन्ही माह्याकडं. मामीनं ते पेटीत ठेवलं.

सोबत यादी हाय. पहिल्या पानावर कोपऱ्यात ते चौकट हाय, पाह्य. "काढले" म्हणून जिथं लिहिते, तिथं म्या माहं नाव टाकलं. एकतीस वर्षात हजारो पत्र्यावर नंबर ठोकले, पण नाव कोठीच नव्हतं. खालचं "तपासले" कोरं हाय. शेखरभाऊ म्हणे म्या सही करतो. म्या म्हटलं, नाही, ते माही भाची करीन.

नीट तपासजो. मामा हाय म्हणून सोडू नोको.

तुहा,
दयाराममामा


पुणे,
२७ मे

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

तीन दिवस तपासलं. एकेक भाग उघडून, एकेक नंबर बोट ठेवून. खुर्चीलाच ट्रॅक्टरची सीट समजून डावा हातसुद्धा वर करून पाहिला. ऑफिसातले लोक माझ्याकडं बघून हसत होते. तो उलटा काढलेला पत्रा आमचीच चूक होती, साहेबांनी मान्य केली. नंबरांत एकही चूक नाही.

यादीत मात्र एक चूक सापडली, आणि सोडणार नाही. पहिल्या पानावर "काढले" च्या चौकटीत तुम्ही "द. इंगळे" असं आखूड लिहिलंय. मामा, हे पत्र्यावर ठोकायचं नाही, कागदावर लिहायचं आहे. चौकटीत जागा भरपूर आहे. पूर्ण लिहा, दयाराम किसन इंगळे, आणि ते पान दुरुस्त करून परत पाठवा. माझी सही त्याच्याखालीच होईल.

तुमची,
मंजुश्री